बोर्डाचे दोन फूट

शितोळे आले तेव्हा आमच्या दुकानातला हातोडासुद्धा देव झाला होता.

खंडेनवमीची सकाळ होती. पाने, पक्कड, पेचकस, करवत, छिन्नी सगळं मी घासून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडलं होतं. वर हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं, बाजूला नारळ. पाटावर मावली नाही म्हणून शिडी भिंतीला उभी करून तिलाही हार घातला होता. बाबालालचाचांचे ब्रशही पाटाच्या कोपऱ्यात होते. चाचा म्हणजे समोरच्या गाळ्यातले पेंटर, आबांचे लंगोटीयार. दरवर्षी ते आपले ब्रश रॉकेलमध्ये धुऊन आणून द्यायचे आणि म्हणायचे, "तातोबा, माझ्या लेकरांना पण जरा हळदीकुंकू लाव." एकदा हत्यार पूजेला बसलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा आमच्या लोहाराच्या घरातला कायदा. त्याच्यापुढे बाकीचे कायदे आबांच्या लेखी जरा कच्चेच होते.

"तातोबा, आज सातवा दिवस," शितोळे उंबऱ्यातूनच म्हणाले. ते नगरपालिकेतले परवाना निरीक्षक. माणूस वाईट नव्हता, पण काखेत फाइल आली की त्यांचा आवाज चढायचा. "नोटिशीची मुदत आज संपतेय. फळी काढणार का नाही?"

"काढायची का न्हाई ते नंतर बघू," आबा म्हणाले. "आज तर जमायचंच न्हाई. सगळं हत्यार पूजेला बसलंय."

"अहो, चार बोल्टचं काम! एक पाना घ्या नि सोडवा."

"तुम्हीच घ्या की मग पाना. हाय का हिंमत?"

शितोळ्यांनी पाटाकडं बघितलं. हळदीकुंकवानं माखलेल्या पान्याकडं बघून त्यांचा हात आपोआप कपाळाला गेला. नमस्कार करून ते मागं सरले. मला हसू आवरेना.

आता ही फळी कसली, ते सांगते. आमचं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती बैलगाडीत घालून आमच्याकडं आणायचे. आतली जळकी तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, याला मोटर भरणं म्हणतात. गाळा दहा फुटांचा आणि वर सागवानी बोर्डही दहा फुटांचा. डाव्या अंगाला दोन ओळींत 'तातोबा लोहार', पुढं मोठ्या अक्षरांत 'मोटर रिवाइंडिंग वर्क्स'. त्या वर्षी पाडव्याला आबांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी उजव्या अंगाला आणखी दोन फुटांची फळी लोखंडी पट्टीनं आणि चार बोल्टांनी जोडली आणि चाचांकडून तिच्यावर दोन ओळींत रंगवून घेतलं, 'शशिकला लोहार'. शशिकला म्हणजे मी.

ती दोन फूट फळी शेजारच्या बोळावर आली. बोळातनं वैरणीची गाडी जायची, ती एकदा अडकली, आणि आली नोटीस. सात दिवसांत बोर्ड गाळ्याच्या आत घ्या, नाहीतर दंड. दंड भरूनही नाही घेतला, तर बोर्डच जप्त.

खरं सांगते, मला ती फळी नकोच होती. मी एकवीस वर्षांची होते. सगळा बाजार हसायचा. "काय शशिकलाशेठ, धंदा कसाय?" म्हणायचे. कऱ्हाडकडचे पाहुणे मला बघायला आले, तेव्हा मुलाच्या मामानं वर मान करून बोर्ड वाचला, "हे काय हो?" म्हणाला आणि चहा न घेताच उठला. आई आठ दिवस आबांशी बोलली नाही. आणि माझं म्हणणं वेगळंच होतं. बोर्डावर नाव लावण्यापेक्षा कामाला हात लावा ना! गेली तीन-चार वर्षं आबा बाहेर बाकड्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे आणि मी आत बसून मोटरीच्या खाचेखाचेत तार भरत असायची. मोटर तयार झाली की ते टेस्टिंगचा दिवा लावून तपासायचे, गाडीत चढवायचे आणि पुन्हा बाकड्यावर. "आळशी झालेत तुझे धनी," असं मी आईला तोंडावर म्हणायची.

तर शितोळे. त्यांनी फाइल उघडली.

"मग मला पंचनामा करावा लागंल. बोर्ड मोजतो."

"मोजा की. टेप कुठाय?" मी विचारलं.

शितोळे घुटमळले. "टेप... हापिसात आहे."

"हापिसात काय करतोय?"

"पूजेला बसलाय," ते खाली बघत म्हणाले.

आबा असे खदखदून हसले की चाचा समोरनं पळत आले. मग तर शितोळे चिडलेच. बोर्डाच्या खाली रस्त्यावर उभे राहिले आणि टाचेला बोटं लावत, चपलेपुढं चप्पल ठेवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मध्ये एक शेळी आडवी आली, तिला हाकलून पुन्हा पहिल्यापासून चालले. काहीतरी लिहिलं, आबांची आणि चाचांची सही घेतली. आबा जेमतेम तिसरी शिकलेले. सही करायचे, पण वाचायला माणूस लागायचा. मी तेव्हा आत नारळ फोडत होते.

दंडाचा कागद दसऱ्यानंतर आला. रुपये पन्नास. तक्रार असल्यास मुख्याधिकाऱ्यांपुढं येऊन सांगावी.

"भरून टाका," मी म्हणाले. "आणि ती फळी काढा एकदाची."

"दंड भरला म्हंजे चूक कबूल केली."

"मग कबूल करा! चूकच आहे. बोळ काय आपला आहे?"

"बोळ आपला न्हाई. पण नाव आपलंय का न्हाई?"

"मला नकोय ते नाव वर. किती वेळा सांगू? लोक हसतात आबा."

आबांनी टोपी झटकली, डोक्यावर बसवली. "उद्या माझ्यासंगं चल. कागुद वाचायला कोणतरी पायजे."

एवढंच. माझ्या रागाचा त्यांच्यावर कधी परिणामच व्हायचा नाही. त्याचाही मला राग यायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मुख्याधिकारी तेरदाळकर साहेब गावात नवीन आले होते. बारीक अंगाचे, चष्मा नाकाच्या टोकावर. टेबलापलीकडं शितोळे उभे होते. आबा टोपी हातात घेऊन उभे राहिले, मी त्यांच्या मागं.

"बोला, तातोबा. काय म्हणणं आहे तुमचं?"

"साहेब, मुदतीचा शेवटचा दिवस खंडेनवमीचा हुता. हत्यार पूजेला हुतं. फळी काढनार कशानं? दातानं?"

साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. "ते खरं. पण त्याआधी सहा दिवस होते. तेव्हा काय करत होतात?"

आबांनी टोपी या हातातनं त्या हातात घेतली. मला वाटलं, आता हरले. मग म्हणाले, "इचार करत हुतो साहेब."

"सहा दिवस?"

"अवघड हुता."

शितोळे मध्ये पडले. "साहेब, विचार कसला! नुसती हौस आहे. मोटारी भरतो बाप आणि नाव लावतो पोरीचं. उद्या लगीन होऊन ती सासरी गेली की तीच फळी चुलीत घालायची आहे. त्यापायी बोळ अडवायचा म्हणजे काय?"

आबांनी मान खाली घातली. बाजारात पाटलालासुद्धा उलट बोलणारा माणूस तो. त्यांची ती खाली गेलेली मान बघितली आणि माझ्या डोक्यात सणक गेली. फळी मला नको होती हे खरं. पण ते मी आबांना सांगायचं. शितोळ्यांनी माझ्या आबांना नाही.

"मोटारी मी भरते," मी पुढं होऊन म्हणाले.

शितोळे माझ्याकडं वळले.

"तुमच्या पाणीपुरवठ्याची पंधरा अश्वशक्तीची मोटर श्रावणात जळाली होती. तीन दिवस गावाला पाणी नव्हतं. ती कुणी भरली? विचारा जाऊन. दोन दिवस दोन रात्री मी बसले होते तिच्यापुढं. आज सकाळी शितोळेसाहेबांनी आंघोळ केली असेल ना, ते पाणी माझ्या हातच्या मोटारीनं चढवलेलं आहे."

"शशे," आबा हळूच म्हणाले.

"थांबा आबा. साहेब, तो पंचनामा मला वाचायला द्या."

साहेबांनी कागद सरकवला. मी मोठ्यानं वाचला. "'जागेवर जाऊन टेपने मोजमाप केले असता बोर्डाची लांबी बारा फूट भरली.' टेपनं? साहेब, टेप त्या दिवशी तुमच्या ऑफिसात पूजेला बसला होता. शितोळेसाहेबांनी बोर्ड मोजला चपलेनं! हवं तर बाबालाल पेंटरांना बोलवा. त्या शेळीला बोलवा!"

साहेबांनी चष्मा काढला. "शितोळे?"

शितोळ्यांचा चेहरा झेंडूसारखा झाला. "साहेब, माझी चप्पल बरोबर एक फुटाची आहे."

साहेबांनी शिपायाला हाक मारून टेप आणायला सांगितलं. टेप आला. चामड्याच्या डबीवर हळदीचं बोट तसंच होतं, आणि साहेबांनी पट्टी ओढली तर आतून झेंडूची वाळलेली पाकळी टेबलावर पडली. मग मात्र साहेब मनापासून हसले. आबा हसले, मी हसले, आणि सगळे हसतायत म्हटल्यावर शितोळेही हसले. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

साहेब स्वतः उठले. त्यांच्या मागं शितोळे, त्यांच्या मागं शिपाई, मग आबा आणि मी, अशी वरात बाजारातनं दुकानापर्यंत आली. शितोळे आमच्या शिडीवर चढले. मी खालून टेप धरला.

"बारा फूट एक इंच," शितोळे वरून म्हणाले आणि इतके खूश झाले की शिडी हलली. "साहेब, चपलेनं मी उलट एक इंच सूटच दिली होती!"

साहेब थोडा वेळ बोर्डाकडं बघत उभे राहिले. दोन्ही टोकांची दोन्ही नावं त्यांनी वाचली असावीत. मग म्हणाले, "चुकीच्या पंचनाम्यावर दंड घेता येत नाही. दंड रद्द. पण तातोबा, बोर्ड गाळ्याच्या आत हवा. म्हणजे दहा फूट. चार दिवस देतो. त्यात कुठलाही सण नाही, मी कॅलेंडर बघून आलोय."

"दोन फूट कमी करायचं," आबा म्हणाले.

"दोन फूट एक इंच. त्यावर काय लिहायचं आणि काय नाही, ते नगरपालिका सांगत नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

साहेब गेले. चाचा रस्ता ओलांडून आले. "त्यात काय एवढं? तातोबा, आख्खा बोर्ड नव्यानं रंगवून देतो. अक्षरं बारीक करतो, बापलेक दोघांना दहा फुटांत बसवतो. एक पैसा नको."

"बघू," आबा म्हणाले आणि बाकड्यावर जाऊन बसले. चाचांनी माझ्याकडं बघितलं, मी खांदे उडवले. इतकी सोपी वाट समोर असताना यांना आणखी काय बघायचंय, मला कळेना. घरी गेल्यावर आई म्हणाली, "फळी काढली की कऱ्हाडच्या पाहुण्यांना पुन्हा निरोप धाडू." मी हो म्हणाले नाही. कालपर्यंत म्हणाले असते. साहेबांपुढं मोटारी मी भरते म्हणून ओरडून आले होते आणि ते ओरडणं अजून कानात होतं.

तिसऱ्या दिवशी मला शेजारच्या गावी विहिरीवर मोटर बसवायला जायचं होतं. आबा म्हणाले, "तू जा. मी दुकानात बसतो." मी सायकल काढली. दुपारी तीनच्या सुमारास परत येत होते. बाजाराच्या वळणावरून आमचा बोर्ड दिसतो. लांबूनच माझं नाव दिसलं, 'शशिकला लोहार', उजव्या टोकाला, जसंच्या तसं. मी कपाळावर हात मारला. काढलीच नाही फळी! उद्याचा शेवटचा दिवस, आणि हे गृहस्थ अजून विचारच करतायत.

जवळ आले आणि पॅडल मारायचं थांबले. बोळ मोकळा होता. बोर्ड गाळ्याच्या आत होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बरोबर. 'मोटर रिवाइंडिंग वर्क्स', आणि मग माझं नाव. डावीकडं 'मोटर'च्या आधी काहीच नव्हतं. तिथं सागवानाची ताजी कापलेली कड होती, पिवळीधमक.

आबा दुकानात केरसुणीनं भुसा गोळा करत होते. करवत भिंतीला टेकवली होती. तिच्याशेजारी दोन फुटांची फळी उभी होती आणि तिच्यावर दोन ओळींत लिहिलं होतं, 'तातोबा लोहार'.

"आबा, हे काय केलंत?"

"दोन फूट कमी करायचं हुतं न्हवं? केलं. वर एक इंच. आन बोर्ड डावीकडं सरकवला." ते भुसा भरत राहिले.

"अहो, माझी फळी चार बोल्टांवर होती. चार बोल्ट सोडायचे होते फक्त! आणि तुम्ही हा आख्खा सागवान कापत बसलात? स्वतःचं नाव कापलंत?"

"दीड तास लागला," आबा म्हणाले. "लाकूड चांगलं निघालं. तीस वर्सांत कीड न्हाई."

"चाचा दोघांची नावं बसवून देत होते की! फुकट देत होते!"

आबांनी केरसुणी ठेवली. बाकड्यावर बसले आणि मला म्हणाले, "जरा तार दे. ती बारकी."

मी बारीक तारेचं भेंडोळं दिलं.

"आता जाड दे."

जाड तार दिली. दोन्ही हातांत दोन तारा धरून त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्यानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "ह्यातली बारकी कुठली आन जाड कुठली, मला कळत न्हाई. डोळं उघडलं तर दिसतं. बोटाला कळत न्हाई. माळाच्या विहिरीवर करंट लागला हुता ध्यानात हाय? तवापासनं."

चार वर्षं झाली होती त्याला. तेव्हा ते फेकले गेले होते, दोन दिवस झोपून होते, मग उठून हसत बाजारात आले होते. आम्हाला वाटलं, झालं बरं.

"खाचंत तार बसती का न्हाई ते बोटाला कळाय लागतं," आबा म्हणाले. "डोळ्यानं भरलेली मोटर सा महिन्यांत जळती. शेतकऱ्याचं पीक वाळतं. म्हनून मी हात लावला न्हाई. चार वर्सं ह्या दुकानातनं गेलेली एक बी मोटर माझ्या हातची न्हाई, शशे. लोक म्हणत्यात, तातोबाच्या हातची मोटर. मला ते ऐकू वाटत न्हाई. तुझं नाव लावलं तवा बरं वाटलं थोडं. आता साहेबानं सांगितलं दोन फूट कमी कर. नोटीस आली तवा सहा दिवस इचार केला तो हाच. मग कुठलं नाव खोटं हाय ते बघितलं आन कापलं."

मी त्यांना आळशी म्हणाले होते. आईजवळ म्हणाले होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले होते. त्यांनी ऐकलं होतं, आणि बाकड्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगत राहिले होते, "पोरगी आत हाय, बघून घेती."

मी त्यांचे हात हातात घेतले आणि रडले. भर बाजारात, दुकानाच्या उंबऱ्यात बसून रडले.

"रडतीस कशाला?" आबा म्हणाले. "दंड माफ झाला की."

संध्याकाळी शितोळे आले. टेप लावून मोजलं. "दहा फूट," म्हणाले आणि कागदावर लिहिलं. मग डाव्या कडेकडं बघितलं, आत उभ्या असलेल्या फळीकडं बघितलं, आणि काखेत फाइल असूनही त्यांचा आवाज चढला नाही. "तातोबा, चहा सांगा की," म्हणाले, आणि आबांच्या शेजारी बाकड्यावर बसले.

याला आता पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. कऱ्हाडच्या पाहुण्यांना निरोप गेला नाही. लग्न झालं, झालं नाही असं नाही. बोर्ड वाचून दुकानात मोटर घेऊन आलेला एक माणूस, मोटर बरोबर चालत असताना पुन्हा पुन्हा तपासायला आणायचा. शेवटी आबांनीच त्याला विचारलं. बोर्डावरचं आडनाव मी बदललं नाही, त्यानंही कधी बदल म्हटलं नाही. आबा पुढं अकरा वर्षं त्या बाकड्यावर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोट वर करून बोर्ड वाचून दाखवायचे. स्वतः जेमतेम तिसरी शिकलेला माणूस, पण ती एक ओळ त्यांना घडाघडा यायची.

ती दोन फुटांची फळी माझ्याकडं आहे. चाचांचा रंग अजून टिकून आहे. खंडेनवमीला मी आता पाट मांडत नाही. त्या फळीवरच पाने, पक्कड, छिन्नी मांडते. बाकीचं बाजूला ठेवते, अक्षरं झाकली जाणार नाहीत असं बघते. आणि पहिलं कुंकू त्या नावाला लावते. हातोड्याचा नंबर नंतर.